संपलं की बिघडलं?

लोणावळा,
२० डिसेंबर १९७९

प्रिय सोपान,

तुझं दोन ओळींचं पत्र मंगळवारी शाळेच्या पत्त्यावर मिळालं. गावी तिकोणा पेठेला न पाठवता इथं पाठवलंस, म्हणजे थोडी अक्कल अजून शाबूत आहे म्हणायची. त्या दोन ओळींना उत्तर द्यायलाच बसले आहे. पण ते एकदम सांगितलं तर तुला कळायचं नाही. तू मला नेहमी चिडवायचास की मुक्ता, तू उत्तर आधी सांगतेस आणि रीत मागाहून, गणिताच्या बाईला हे शोभत नाही. म्हणून आज रीत आधी. शेवटच्या पानावर उडी मारायची तुझी जुनी खोड आहे, ती आजचा दिवस आवर. तुझ्या आबांचं काय झालं, ते तू क्रमानंच वाचायला हवंस.

तुला 'तू' म्हणायची सवय मला कागदानंच लावली. घरात आबांसमोर 'अहो'च्या पुढं माझी जीभ कधी वळली नाही. तिकडं परदेशात गेल्यावर पहिल्याच पत्रात तू लिहिलंस की इथं मला 'तू' म्हणणारं कुणी नाही, निदान पत्रात तरी म्हण. मी आठवडाभर लाजले आणि मग म्हणायला लागले. तुझी आई असती तर तिनं मला चुलीपाशी उभं करून जाब विचारला असता. आबांना वाचून दाखवताना मी प्रत्येक 'तू'चं 'तुम्ही' करत असे, आणि ते ऐकून ते मान डोलवत, सून वळणाची मिळाली म्हणून.

तुझं पाकीट आलं की घरात काय चालायचं, ते तुला मी कधी नीट लिहिलंच नाही. विठ्ठल पोस्टमन पाकीट आणायचा बुधवारी नाहीतर गुरुवारी. मी सोमवार ते शनिवार लोणावळ्याला. गावात तुझं अक्षर वाचणारे दोघंतिघं होते, पण आबा कुणाला हात लावू देत नसत. पाकीट बंडीच्या आतल्या खिशात घालून ते शनिवारपर्यंत हिंडायचे. शनिवारी शाळा सुटली की मी लोकलनं कामशेत, तिथून एसटीनं काले कॉलनी आणि पुढं चालत. आबा फाट्यावर दगडावर बसलेले असायचे. आलं असलं तर मला लांबूनच कळायचं, कारण त्यांचा हात छातीवर असायचा.

पाकिटात एक कागद आबांसाठी आणि चार कागद माझ्या शिकवणीचे. ही शिकवणी तुझ्या डोक्यातूनच निघाली. तू तिकडं त्या अजस्र कॉम्प्युटर यंत्राला कामं सांगायची भाषा शिकत होतास आणि तुला वाटलं, बायकोला गणित येतं तर तीही शिकेल, म्हणजे पुढंमागं दोघांना एकाच ठिकाणी काम मिळेल. भाषेचं नाव सी. आबा म्हणाले, आख्ख्या भाषेला अक्षर येकच, गरीब दिसत्यात मान्सं. यंत्र मी आजतागायत डोळ्यांनी पाहिलेलं नाही. चौकटीच्या वहीत मी प्रोग्रॅम लिहायचा, मग मीच यंत्र व्हायचं, पाटीवर एकेक आकडा मांडून पुसत ओळीओळीनं खाली यायचं, आणि झालं की तुला पाठवायचं. तू तो तिकडं खऱ्या यंत्रात चालवायचास आणि जे छापून येईल तो कागद मला धाडायचास. दोन्ही कडांना भोकं पाडलेला तो रुंद कागद आबांनी देवाच्या फळीवर अंथरला आहे. एका चुकीचं उत्तर कळायला महिना दीड महिना लागायचा. असं शिकणारी मी जगात एकटीच असेन.

माझी सगळ्यात मोठी चूक आठवते? तू एक फाईल केली होतीस, आपल्या घरातल्या माणसांच्या नावांची. यंत्रानं ती वाचत जायची आणि एकेक नाव छापायचं. मी लिहिलं की फाईल संपली का ते आधी विचार, संपली नसेल तर वाच आणि छाप. यात काय चुकलं असेल असं कुणालाही वाटेल. डब्यात पीठ आहे का ते बघूनच आपण हात घालतो. पण छापून आलं त्यात शेवटचं नाव दोनदा, आणि शेवटचं नाव माझं. तू खाली पेनानं लिहिलंस की एक मुक्ताच झेपत नाही, दोघी कशा सांभाळू. आणि मग समजावलंस, की फाईल संपली हे यंत्राला आधी कळत नसतं. ते वाचायला जातं, हाती काहीच लागत नाही, तेव्हा कुठं ते संपल्याची खूण वर करतं. म्हणून आधी वाचायला जायचं, आणि विचारायचं ते नंतर. मी तीन पत्रं भांडले. शेवटी मान्य केलं, पण मनातून मला ते पटलं नव्हतं.

या वर्षीच्या गुढीपाडव्याच्या सुमाराला तुझं शेवटचं पाकीट आलं. त्यातला धडा याच्याच पुढचा होता. वाचताना हाती काही लागलं नाही की यंत्र उणे एक देतं, पण या उणे एकावर विसंबू नकोस असं तू लिहिलं होतंस. फाईल खरोखर संपली तरी उणे एक, आणि टेप मधेच खराब झाली, धूळ बसली, वाचणारं डोकं अडकलं, तरीही उणे एकच. बाहेरून दोन्ही सारखं. म्हणून दोन वेगळे प्रश्न विचारायचे. एक फेऑफ, म्हणजे संपलं का. दुसरा फेरर, म्हणजे बिघडलं का. जो दुसरा प्रश्न विचारत नाही तो अर्धी फाईल पुरी समजून मोकळा होतो. आणि तिसरं एक होतं, क्लिअरएर. ते दोन्ही खुणा खाली करतं. यानं दुरुस्त काहीच होत नाही, असं तू ठळक रेघ मारून लिहिलं होतंस. खुणा खाली केल्या की फक्त पुन्हा एकदा वाचून बघता येतं. बिघाड तसाच असला तर खूण पुन्हा वर येते.

त्यानंतर पाकीट आलं नाही.

वैशाख गेला, आषाढ गेला. आबा दर शनिवारी फाट्यावर, हात गुडघ्यावर. मी पहिल्यांदा सांगितलं की तिकडं परीक्षा असतील. मग टपालाचा संप, मग घर बदललं असेल. प्रत्येक शनिवारी मी दोन्ही खुणा खाली करत होते आणि पुढच्या आठवड्याला त्या पुन्हा वर येत होत्या. माझी पत्रं जात होती, परत येत नव्हती, म्हणजे कुणाला तरी पोचत होती. हे मी आबांना सांगितलं नाही. मोठं शिवार पाण्याखाली गेलं तेव्हाही आबा रडले नव्हते. धरणाची भिंत पुरी झाली आणि पाणी चढत वडाच्या शेतापर्यंत आलं, तेव्हा काठावर उभं राहून ते एवढंच म्हणाले होते की माझं शेत पुण्याला शिकतंय. ते शेत म्हणजे तू. गावात ज्याच्या त्याच्या ओसरीवर त्यांनी हे सांगितलेलं. आता लोक विचारायला लागले आणि आबा ओसऱ्या टाळून मागच्या वाटेनं घरी यायला लागले. जेवण निम्म्यावर आलं. श्रावणात घोरावाडीहून आई येऊन मला म्हणाली, तू आपली माहेरी चल. मी म्हटलं, आबांना फाट्यावर बसवून कुठं जाऊ?

भादव्यात पुण्याला तुझा मित्र गोरख भेटला. तुमच्याच युनिव्हर्सिटीतून परत आला आहे, ठाऊक असेल तुला. मी विचारलं, सोपान बरे आहेत ना? तो म्हणाला, बरा आहे वहिनी, आणि चहा आणायला म्हणून जो उठला तो बराच वेळ आलाच नाही. आला तेव्हा मी फक्त तुझा फोन नंबर मागितला. त्यानं दिला. मला तेव्हाच समजायला हवं होतं, पण आपल्या बाबतीत माणूस मठ्ठच असतो.

दिवाळीत मी आबांना म्हटलं की फोन लावू या. ते दोन दिवस अंगरख्याला इस्त्री करून घेण्याच्या मागं होते. मी म्हटलं, आबा, फोनमधून अंगरखा दिसत नाही. तर म्हणाले, "तुला न्हाई दिसत. पोराला कळतंय." त्यांना मी लोणावळ्याला माझ्या खोलीवर घेऊन आले. कॉल आदल्या दिवशी नोंदवला. तिकडं संध्याकाळ म्हणजे इकडं सकाळ, हे त्यांना सांगितलं तर त्यांनी ते पुन्हा पुन्हा विचारलं आणि शेवटी म्हणाले, म्हंजी त्यो आपल्या मागं हाय. सकाळी आम्ही टेलिफोन कचेरीत जाऊन बाकावर बसलो. बूथ लाकडाचा, दाराला काच. आत एकालाच उभं राहता येतं. आबा काचेला नाक लावून बाहेर उभे राहिले.

घंटा वाजली. मुंबईची बाई काहीतरी बोलली, समुद्रासारखा आवाज आला, आणि मग तू. 'हॅलो' म्हणालास. मी म्हटलं, मी मुक्ता बोलते. तुझ्या मागं एक लहान मूल रडत होतं. शेजाऱ्याचं असतं ना, तसं लांब नव्हतं, तुझ्या कडेवर असावं इतकं जवळ. एक बाई इंग्रजीत त्याला गप्प करत होती आणि तुझं नाव घेऊन तुला काहीतरी विचारत होती. तू तिला उत्तर दिलंस, "राँग नंबर." आणि फोन खाली ठेवलास.

ऑपरेटर म्हणाली, लाइन तुटली का, पुन्हा जोडून देते. मी हो म्हटलं. तुझा धडा मी विसरले नव्हते, लाइनही बिघडू शकते. पुन्हा घंटा वाजली, पुन्हा तू उचललास, आणि या वेळी 'हॅलो'ही न म्हणता ठेवून दिलास. ऑपरेटरनं विचारलं, अजून एकदा? मी नको म्हटलं. बाहेर आबा काचेतून माझ्या तोंडाकडं बघत होते. त्यांना आवाज ऐकू आलेला नव्हता. त्यांनी फक्त एवढं पाहिलं की मी बोलायला गेले आणि माझ्या हाती काहीच लागलं नाही.

मी बूथमधून बाहेर आले तर त्यांनी माझा दंड धरला. त्याआधी त्यांनी मला कधी हात लावलेला नव्हता. म्हणाले, "जित्ता हाय का न्हाई, येवढंच सांग. बाकी काय बी नगं."

बघ, केवढा साधा प्रश्न. एकाच प्रश्नात मोकळं व्हायचं होतं म्हाताऱ्याला. मला खरं उत्तर माहीत होतं. संपलं नव्हतं, बिघडलं होतं. तू धडधाकट होतास, संध्याकाळी घरी होतास, कडेवर पोर होतं. हे मी आबांना सांगायचं. मग त्यांनी काय करायचं? मेलेल्याचं सुतक दहा दिवसांनी फिटतं, लोक येऊन बसतात, पिठलंभाकरी आणून देतात. ज्याला पोरानं टाकलं त्याच्याकडं कोण येऊन बसतं? तो मागच्या वाटेनंच घरी जात राहतो. सगळा विचार मी तिथं उभ्या उभ्या केला असं म्हणणार नाही. त्यातला थोडा राग होता. त्या बाईशी तू किती मऊ आवाजात बोललास, त्याचा राग. पण माझ्या तोंडून शब्द निघाला तो आबांसाठीच निघाला.

मी म्हटलं, "न्हाई, आबा."

पुढचं मला रचावं लागलं. मोटारीचा अपघात, तिकडच्याच लोकांनी सगळं उरकलं, कळवायला पत्ता सापडला नाही. मी इतकं सफाईनं खोटं बोलू शकते हे मला नवीनच होतं. काले कॉलनीचे भटजी म्हणाले की देह नाही तर पळसाचा पुतळा करून अग्नी द्यावा लागेल. पळसाची पानं ठाकरवाडीच्या बारकूनं आणली, तुला नदीत पोहायला शिकवणाऱ्या बारकूनं. भारा उतरवून तो मला म्हणाला, "कंच्या गावाला मेला वो?" मी नाव सांगितलं. त्याला ते म्हणता येईना, तर दोनदा प्रयत्न करून पानं निवडायला लागला. फाटकं पान एकही लावू दिलं नाही त्यानं.

धरणाच्या काठाला, वडाचं शेत जिथं बुडालं त्याच्यावरच्या बाजूला, तुझा पुतळा निजवला. दर्भ आणि पळसाची पानं, डोक्याच्या जागी नारळ. इतका लहान दिसत होतास. मुलानं बापाला द्यायचा तो अग्नी बापानं मुलाला दिला. आबा रडले, मोठ्यानं, गावासमोर, आणि गाव त्यांच्याभोवती गोळा झालं. महिनोन्महिने जे कुणाच्या नजरेला नजर देत नव्हते त्यांना लोकांनी कवेत घेतलं. घरी तुझ्या भागुबाई आत्यांनी माझ्या बांगड्या दगडावर फोडल्या. मी शाळेत गेले तर मुली माझ्या कपाळाकडं बघून फळ्याकडं बघायला लागल्या. पहिले काही दिवस मीसुद्धा आरसा टाळला. आता सवय झाली. खोटं काय त्यात? नवरा नाही हे खरंच आहे.

बाराव्याला आबांनी भटजींना एक विचारलं, ते मी दाराआडून ऐकलं. "आन् चुकून आला तर?" भटजी म्हणाले, असं घडल्याचं ग्रंथांत आहे. ज्याचा पुतळा जाळला तो जिवंत आला तर त्याला नव्यानं जन्माला घालावं लागतं. नाव ठेवण्यापासून सगळे संस्कार पुन्हा, लग्नसुद्धा पुन्हा, आणि ते पहिल्याच बायकोशी. मग तो माणसांत येतो. मी दाराला टेकून उभी राहिले, कारण तुझ्या शेवटच्या धड्यातलं तिसरं, ते क्लिअरएर, आमच्याकडंही होतं. खुणा खाली करता येतात. दुरुस्त काही होत नाही, पण पुन्हा एकदा वाचून बघता येतं. त्या दिवशी हे कळून मला बरं वाटलं नाही. मला फक्त खूप थकवा आला.

आणि आता तुझ्या दोन ओळी. 'मे महिन्यात एकटाच येतो आहे. आबांना सांग, समोर बसून सगळं नीट सांगेन.' माझं उत्तर आहे, येऊ नकोस. तुला कदाचित पश्चात्ताप झाला असेल, कदाचित त्या दिवशी तुझी हिंमत झाली नसेल, मी ते नाकारत नाही. पण तू समोर बसून जे सांगणार ते मी फोनवर ऐकलं आहे आणि ते आबांनी ऐकायचं नाही. ते आता दोन्ही वेळा जेवतात. शनिवारी फाट्यावर येत नाहीत. ओसऱ्यांवर बसतात आणि तुझ्या लहानपणीच्या गोष्टी सांगतात, आणि लोक ऐकून घेतात. तू दारात उभा राहिलास तर त्यांना मुलगा मिळेल तो घटकाभर. नंतर त्यांना कळेल की तो जिवंत होता आणि त्यानं फोन ठेवला, आणि सुनेनं ते ऐकलं होतं. मग त्यांच्याजवळ मी पण उरणार नाही. मेलेला सोपान त्यांचा आहे, सोपान. जिवंत तू त्यांचा नाहीस, माझाही नाहीस, ज्यांचा आहेस त्यांच्याजवळ राहा. पुन्हा नाव ठेवायला आणि पुन्हा लग्नाला उभं राहायला माझ्यात बळ नाही, आणि खरं सांगते, इच्छाही नाही. आबांच्या आधी मी गेले तर त्यांना अग्नी कोण देणार, एवढीच एक काळजी मला आहे. त्यावर तुझ्याकडं उपाय नाही. या पत्राला उत्तर लिहू नकोस.

तुझीच होते,
मुक्ता